पाटीवरचे पहिले नाव

लोधिवलीला येसाजी पंतोजींच्या पडवीत, भिंतीवर कोळशाने आठ चौकोन काढलेले होते. दुपारची भांडी झाली की त्यांची बायको सुंदरा पाटी घेऊन त्या भिंतीसमोर बसे. येसाजी चौक गावच्या मराठी शाळेत शिकवीत. इंग्रजी ते कुणाजवळ शिकले नव्हते. एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकाशी पाच वर्षे झटून त्यांनी ते मिळवले होते. रोज शाळेला निघण्यापूर्वी ते बायकोला पाटीवर एक इंग्रजी वाक्य लिहून देत. त्यातला एकेक शब्द ओळखून त्याच्या त्याच्या चौकोनात लिहायचा, हे सुंदराचे काम.

सासू बायजा उंबऱ्याशी तांदूळ निवडीत हे सारे पाही. पहिल्याच आठवड्यात तिने विचारले की ही घरे कसली. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार, अशा शब्दांच्या आठ जाती असतात, हे सुंदराने तिला समजावले.

"साह्यबाच्या शब्दांना बी जात असते व्हय?"

"असते, पन ती कामावरनं ठरते, आत्याबाई. आज एका कामाला लागला, उद्या दुसऱ्या कामाला, तर त्याची जात बी बदलते."

"मंग त्यांचं बरं हाय," बायजा म्हणाली, आणि तिने सुपातला खडा उचलून अंगणात टाकला.

तीन वर्षांपूर्वी सुंदराची दोन वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. येसाजी त्या दिवशी कामासाठी पनवेलला गेलेले. कर्जतहून कुणीतरी औषधाच्या दोन बाटल्या आणून दिल्या. एक पोटात देण्याची, एक छातीला चोळण्याची. कोणती कशाची ते चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेले. साऱ्या आळीत ते वाचणारे माणूस नव्हते. चोळायचे विष चुकून पोटात जायला नको म्हणून दोन्ही बाटल्या कोनाड्यात ठेवून सुंदरा आणि बायजा दिवसभर वाट पाहत बसल्या. येसाजी दिवेलागणीला परतले, तेव्हा मूल औषध गिळण्याच्या पलीकडे गेले होते. बाटल्या तशाच भरलेल्या राहिल्या. त्यानंतर सुंदरा फार रडली नाही. महिन्याभराने तिने नवऱ्याला एवढेच म्हटले, की मला ती अक्षरे शिकवा.

आता त्या अक्षरांना ठिकाण मिळण्याची आशा उत्पन्न झाली होती. पुण्याच्या एका बायकामुलांच्या दवाखान्यात सुईणपण आणि औषधोपचार शिकवण्यासाठी खालापूर भागातून एक बाई घेणार होते. दवाखान्याची गोरी डॉक्टरीणबाई मार्गशीर्षात खालापूरच्या बंगल्यावर येऊन परीक्षा घेणार होती. नुसते घोकलेले तिला चालत नसे. कोणता शब्द वाक्यात काय काम करतो हे ज्या बाईला कळते, तीच औषधाची चिठ्ठी नीट वाचील, असे तिचे मत होते. सुंदराला हे मत पटले होते. बायजाला पुणे पटत नव्हते, पण त्या दोन बाटल्या तिच्याही डोळ्यांपुढून हलल्या नव्हत्या. म्हणून ती टोमणे मारी आणि दुपारची कामे मात्र हळूच आपल्याकडे ओढून घेई.

अभ्यासात एकच अडचण होती आणि तिच्यातून वाट काढलेली होती. लोधिवलीत बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. घेतले तर त्याचे आयुष्य उणे होते, अशी बायकांची पक्की समजूत. बायजाच्या नवऱ्याला जाऊन दहा वर्षे झाली, तरी शेजारच्या मालोजीला ती 'चिंधीचा दादला' म्हणे, कारण तिच्या नवऱ्याचे नावही तेच होते. येसाजींना हे ठाऊक असल्यामुळे पाटीवरच्या वाक्यांत ते स्वतः कधी आले नाहीत. तिथे सदैव आळीतला भिवाजी असे. वर्षभरात त्या भिवाजीने इंग्रजीत आंबे खाल्ले, गाय विकली, नदी ओलांडली आणि दोनदा घर बांधले. खरा भिवाजी घरी ताक मागायला आला, की सुंदराला हसू आवरत नसे.

ती अवघड शब्दांना आपल्या परीने बसवून घेई. इंग्रजीत 'घरात' म्हणायचे तर 'आत' आधी आणि 'घर' मागाहून, हे तिला बैलापुढे गाडी जुंपल्यासारखे वाटे. क्रियापद मात्र तिला लगेच कळले. ज्याच्यावाचून वाक्य उभे राहत नाही ते क्रियापद, असे येसाजींनी सांगताच ती हळूच म्हणाली, "मंजे आत्याबाई." आतून बायजाचा आवाज आला, "आयकलं बरं का गं मी."

परीक्षेच्या दिवशी येसाजींनी तिला बैलगाडीने खालापूरला आणले. बंगल्याच्या ओसरीवर आणखी एकच बाई बसलेली होती, ठकी. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतली. वर एका साहेबाच्या घरी मुले सांभाळताना तिने इंग्रजी बोलणे उचलले होते. डॉक्टरीणबाईशी ती इतके सरसर बोलली, की सुंदराला जागा गेलीच असे वाटले. पुढे बाईंनी तिला पाटीवरचे वाक्य वाचायला दिले. ठकीने पाटी पाहिली आणि सरळ सांगितले की बोलता येते, वाचता येत नाही. बाईंनी तिला थांबायला सांगितले.

मग सुंदराची पाळी आली. बाई स्वभावाने प्रेमळ होत्या. घाबरलेल्या बाईला ओळखीचे काहीतरी दिसावे, म्हणून त्यांनी कारकुनाला यादीतले तिच्या नवऱ्याचे नाव मोठ्याने विचारले, त्याच नावाने सुरुवात करते असे इंग्रजीत म्हणाल्या आणि पाटीवर लिहिले, 'येसाजी गेव्ह द सिक चाइल्ड वॉर्म मिल्क.' येसाजींनी आजारी मुलाला कोमट दूध दिले.

सुंदराने वाक्य एका दृष्टीत वाचले. सगळ्या शब्दांची घरे तिला दिसली. पण पहिल्या शब्दापाशी ती अडली. मोठ्याने वाच, असे बाईंनी दोनदा सांगितले. ती पाटीकडे पाहत राहिली. कारकून म्हणाला की या बाईलाही वाचता येत नसावे. बाईंनी निराशेने पाटीकडे हात पुढे केला.

तेव्हा ठकी बसल्या जागेवरून बोलली. "तिला येतंय वाचाय. पयलं नाव तिच्या घरधन्याचं हाय ना, बाहेर गाडीजवळ हुबे हायत ते. ती कशी घेईल?"

आणि हेच तिने इंग्रजीत बाईंना सांगितले. एकच जागा होती, हे ठकीला ठाऊक होते.

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. नाव पुसून दुसरे लिहावे म्हणून त्यांनी बोट उचलले आणि तसेच थांबवले. कारकुनाकरवी त्यांनी सुंदराला विचारले, की उद्या दवाखान्यात याच नावाचा लहान रोगी आला, त्याच्या बाटलीवर हेच नाव असले, तर ती काय करील.

सुंदराने ओसरीबाहेर पाहिले. येसाजी बैलांना पेंढा घालीत होते. तिच्या मनात कोनाड्यातल्या दोन बाटल्या आल्या. त्या दिवशीही दोघी बायका भीतीपोटीच गप्प बसल्या होत्या. तेव्हा निदान अक्षर येत नव्हते. आज येत असताना गप्प बसायचे, तर ही तीन वर्षे कशासाठी?

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पाटी हातात घेऊन पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाक्य वाचले. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. मग न विचारता तिने एकेक शब्दाची जात सांगितली. 'सिक' मुलाबद्दल सांगतो आणि 'वॉर्म' दुधाबद्दल, म्हणून दोन्ही विशेषणे. आणि 'गेव्ह' हे क्रियापद, त्याच्यावाचून दूध मुलाच्या तोंडी लागत नाही.

बाईंनी यादीत तिच्या नावापुढे खूण केली. पुण्याला पौषात हजर व्हायचे होते. ठकीने वाचायला शिकून पुढच्या वर्षी यावे, असे त्यांनी सांगितले. निघताना सुंदराने गाडीतले व्याकरणाचे जुने पुस्तक आणून ठकीच्या हातात ठेवले. आठवड्यातून दोन दिवस चौकच्या शाळेत या, शिकवीन, असे येसाजींनीही कबूल केले. "मास्तर, मला मारायचं नाय," ठकी म्हणाली, आणि तिघेही हसले.

घरी आल्यावर सुंदराने सासूपासून काही लपवले नाही. बायजाने आधी मुलाला खालीवर न्याहाळले, त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि त्याला ताटभर भात वाढला. तो जेवून उठेपर्यंत ती त्याच्यासमोर बसून राहिली. मग तिने सुनेला पडवीत नेले.

"तुझ्या मामंजींचं नाव साह्यबाच्या अक्षरात कसं दिसतं? काढ बघू. मी काय बोलनार नाय, नुस्तं बघनार."

सुंदराने नामाच्या घरात कोळशाने 'मालोजी' इंग्रजीत लिहिले. बायजा बराच वेळ त्यापुढे उभी राहिली.

सून पुण्याला निघायच्या आधी तिने पडवीची भिंत शेणामातीने सारवून घेतली. सात घरे सारवणाखाली गेली. उरलेल्या नामाच्या घराभोवती तिने हात जपून फिरवला होता.