घरात कोण?

सणाच्या दिवशी गावात सरकारी बस पाठवावी, हे उत्तरेकडच्या माणसालाच सुचू शकतं. आमच्या दक्षिण इटलीतला, कालाब्रियाचा कारकून असता, तर त्याने निदान आईला तरी विचारलं असतं, की आज पिएत्रामारा गावात काय आहे. आज सान फांतीनोचा दिवस होता. संताची मूर्ती चर्चच्या पायरीवर सजून बसली होती, मी मधाच्या बिस्किटांचं ताट भट्टीत सरकवलं होतं, आणि चौकात येऊन उभी राहिली ही पांढरी बस.

बसमधून सरकारी अधिकारी बेल्लांदीसाहेब उतरले. नीट भांग पाडलेले, आणि वाईट म्हणजे सभ्य. माणूस उद्धट असला की काम सोपं होतं.

"शाळेतली छावणी आजपासून बंद," ते म्हणाले. "तिथल्या चौघांना उत्तरेच्या मोठ्या केंद्रात न्यायचं आहे."

आमची शाळा पोरांअभावी ओस पडली, तेव्हा समुद्रातून वाचवून आणलेली माणसं सरकारने तिथे ठेवली. बरीच पुढे गेली, चौघे उरले, सगळे आफ्रिकेतल्या गांबियाचे. त्यातला बाकारी माझा. माझा म्हणजे, माझी लाकडं फोडतो, माझी ऑलिव्हची झाडं छाटतो आणि माझ्याशी भांडतो. दोनच दिवसांनी, मंगळवारी, त्याची सुनावणी होती. या देशात राहायचं की नाही ते तिथे ठरणार, आणि ती लागायला तीन वर्षं गेली होती. दुसऱ्या प्रांतात हलवलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"दोन दिवस थांबा की साहेब," मी म्हटलं.

"माझ्या हातात नाही हो, बाई. छावणीतला माणूस छावणीबरोबर जातो. हां, तो गावात कुणाच्या घरी राहत असता, आणि घरमालकाने तसं सांगितलं असतं, तर मी त्याला हात लावू शकलो नसतो."

हे ऐकून चौकातल्या आम्ही सगळ्या म्हाताऱ्या एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागलो. कारण अर्धं गाव बंद आहे आणि त्याच्या चाव्या आमच्या एप्रनच्या खिशांत आहेत. कुणाचा भाऊ आर्जेंटिनात, कुणाची लेक बेल्जियममध्ये. माझा रोक्को जर्मनीत. त्याने माझ्या जागेवर हौसेने बांधलेलं घर माझ्या घराला लागूनच आहे. तो त्यात शेवटचा कधी झोपला ते मला आठवत नाही, पण दर शनिवारी मी फरशी पुसते आणि चादर बदलते. चावी राखायला दिली आहे, वाटायला नाही, असं आमचं सगळ्यांचंच मत होतं. ते आम्ही चपलांना सांगत होतो.

बाकारीने कुणाकडे काही मागितलं नाही. तो फक्त म्हणाला, "मावशी, बिस्किटं करपतायत."

मला त्याचा इतका राग आला!

तेवढ्यात माझी शेजारीण तेरेझिना पुढे झाली. तिच्या डोळ्यांत मला तो जुना वात्रटपणा दिसला, ज्यापायी लहानपणी आम्ही दोघींनी पुष्कळ मार खाल्ला आहे.

"न्या साहेब, खुशाल न्या," ती गोड आवाजात म्हणाली. "पण हे चौघे आज संताचे खांदेकरी आहेत. संत खांद्यावर असताना खांदेकऱ्याला हात लावायचा नसतो."

हे मात्र खरं होतं. गावातली पोरं परदेशी गेली तेव्हा संताला उचलायला कोणी उरलं नाही. आमचीच चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ आलेली, तिथे त्याला कोण नेणार? मग या चौघांना विचारलं. फादर निकोदेमो जरा घुटमळले, पोरं मुसलमान म्हणून. तेरेझिना म्हणाली, "संताला खांदा लागतो फादर, बाप्तिस्म्याचा दाखला नाही." आणि बाकारीने मूर्तीची पांढरी दाढी बघून सांगितलं, "आमच्याकडे इतक्या म्हाताऱ्या माणसाला पायी चालवत नाहीत."

"किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"ज्या खिडकीत दिवा, त्या दारात संत थांबतो," तेरेझिना म्हणाली. "पुढचा खांदेकरी काठी आपटून विचारतो, घरात कोण? आतून नाव आलं, की सगळ्यांनी घोटभर वाइन घ्यायची, बिस्किट खायचं आणि पुढच्या दारी जायचं. शेवटच्या दिव्यापर्यंत मूर्ती खाली ठेवायची नाही."

"किती दिवे असतात?"

"असतात आपले थोडे."

दरवर्षी डझनभर असतात. त्या दुपारी आम्ही चाव्या घेऊन मागच्या गल्ल्यांतून अशा पळालो, की डॉक्टरने बघितलं असतं तर आमची पेन्शन बंद केली असती. बंद घरांच्या खिडक्यांत दिवे लागले. घरात माणूस नसताना दिवा लावणं म्हणजे संताशी खोटं बोलणं, पण सान फांतीनो गावचाच आहे. सांभाळून घेईल.

पहिलं बंद दार तेरेझिनाच्या भावाचं. बाकारीने काठी आपटली. "घरात कोण?"

"पास्क्वाले!" आतून तेरेझिना दाढीवाल्या आवाजात ओरडली. पास्क्वाले तेव्हा तिकडे आर्जेंटिनात सकाळची कॉफी पीत असणार.

"हे गृहस्थ बाहेर का येत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"गुडघे," फादर म्हणाले आणि लगेच छातीवर क्रूस केला.

पुढच्या दारीही गुडघे. त्याच्या पुढच्या दारीही.

"या गावात गुडघ्यांची साथ दिसते," साहेब म्हणाले.

"चढ फार आहे ना," मी म्हटलं, आणि त्यांचा पेला भरला. संताच्या मागे चालणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. बाकारी आणि त्याच्या सोबत्यांना मात्र बदामाचं सरबत. घोट घेताना त्याचा खांदा थरथरत होता, ते मला दिसत होतं.

ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा साहेबांचे कान लाल झाले होते. ते एका पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, मलाही आजी होती. मला सगळं कळतंय. पण मी बसमध्ये झोपू शकतो, आणि बस उद्याही इथेच आहे. दिवे संपले की निघू."

म्हणजे साहेब कंटाळून निघून जातील म्हणून केलेली सगळी धावपळ पाण्यात. आणि एकच दिवा उरला होता, रोक्कोच्या खिडकीतला.

मी मागच्या दाराने आत जाऊन उभी राहिले. पलंगावर शनिवारची चादर, तिला एक सुरकुती नाही. बाहेर काठी आपटली.

"घरात कोण?"

रोक्को म्हणायचं होतं. दुपारभर मी परक्यांच्या पोरांची नावं ठणठणीत आवाजात सांगितली होती, पण स्वतःच्या पोराचं नाव घ्यायच्या वेळी मी त्या चादरीकडेच बघत राहिले. नाही ना तो घरात! इतके शनिवार मी फरशी पुसत होते, ते कुणासाठी? मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"घरात कोण?" बाकारीने पुन्हा विचारलं. आवाज थकलेला.

"बाकारी!" मी ओरडले.

बाहेरून तेरेझिनाचा आवाज, "अगं बये, तो तर बाहेर उभा आहे!"

"मग बाहेर काय करतोय? आत ये म्हणावं!"

मी दार उघडलं. त्याचे दोन्ही हात काठी आणि मूर्तीच्या दांड्यात गुंतलेले, म्हणून चावी त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "साहेब, या घराचे कागद माझ्या नावावर आहेत. हा इथे राहतो."

"कधीपासून?"

"आत्तापासून. साक्षीदार खांद्यावर बसलाय, विचारा त्याला."

साहेबांनी मूर्तीकडे बघितलं, मग कोटावरचा बिस्किटाचा चुरा झटकला. "साक्षीदार वयस्कर आहे," ते म्हणाले. "चालेल."

"मावशी, पण हे घर रोक्कोचं..." बाकारी पुटपुटला.

"रोक्कोचंच आहे. तू ती खिडकी दुरुस्त कर, कुरकुरते."

बाकीचे तिघे खांदेकरी दांड्याखाली मान घालून उभे होते. तेरेझिनाने त्यांच्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या खिशाकडे बघितलं आणि किंचाळली, "मूर्ती खाली ठेवू नका! मागे फिरवा! माझ्या भावाच्या दारात चुकून भलतंच नाव सांगितलंय मी!"

आणखी दोघींना एकाएकी आठवलं, की त्यांचंही चुकलंय. सान फांतीनो आजवर कधी माघारी फिरला नव्हता, त्या संध्याकाळी फिरला. साहेबांना पुन्हा वाइन घ्यावी लागली. सकाळी बस गेली ती रिकामी, फक्त पुढच्या सीटवर माझ्या बिस्किटांचा डबा.

मंगळवारी बाकारी सुनावणीला जाऊन आला. निकाल यायचाय. खिडकी आता कुरकुरत नाही.

मी रोक्कोला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आणि आई, मी आलो तर?"

"ये की. बाहेर उभा राहून विचार, घरात कोण? आता आतून उत्तर येईल."