खापराने पाहिलेली आखाजी

मित्रांनो, सटाण्याकडच्या मातीचं मी एक जुनं, काळं पडलेलं खापर. खापर म्हणजे चुलीवर पालथं घालायचं मोठं भांडं. माझ्या तापल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. माझी मालकीण सरुबाई मांडा हातावर फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद माझ्यावर टाकायची. गल्लीतल्या बायका पहिला मांडा बघायला यायच्या आणि कौतुक करता करता दुसरा खाऊन जायच्या. कौतुकाचा भाव मला तेव्हाच कळला.

पुढे सरुबाईच्या नवऱ्याला नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात काम लागलं. १९९६ साली गोणपाटात गुंडाळलेलं मी एसटीच्या टपावरून इथे आलं. शहरातल्या गॅसवर मी काही बसेना. मग माझी रवानगी मागच्या अंगणात झाली आणि चिमण्यांचं पाणी माझ्या पोटात आलं. माझी तक्रार नव्हती. चिमण्या कौतुक करत नाहीत, पण नेमाने येतात.

शहरात आल्यावर घरात अहिराणी, म्हणजे आमची गावाकडची बोली, बोलायची नाही, असं ठरलं. तरी थोरली लेक मंजुषा अकरावीला गेली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गात तिच्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ निघालं. मुली तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या. सुट्टीत गावी गेली, तर चुलत बहिणी म्हणाल्या, आली शहरातली मडम. हळूहळू मंजुषा बोलेनाशी झाली. पोरगी किती शांत, शहाणी झाली, असं सरुबाई अभिमानाने सांगे. माणसं हिशेबाला पक्की असतात, पण लेकरू गप्प झालं की ते जमेला धरतात.

२००१ ची आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. त्या दिवसाचं दान कधी सरत नाही, असं मानतात. शेजारच्या शहनाजच्या अंगणात चूल होती. ती मालेगावची, मांड्यांची चव जाणणारी. तिनेच आग्रह केला आणि मी घासूनपुसून पुन्हा चुलीवर चढलं.

सणाच्या आधी मंजुषाने स्वेटर दूधवाल्याच्या मुलीला दिला, रंगपेटी पलीकडच्या घरातल्या पोराला दिली, आणि मनगटावरचं घड्याळ शहनाजच्या लेकीला, झेबाला देऊन टाकलं. लेकीने आखाजीचं दान केलं, म्हणून सरुबाई गल्लीभर मिरवली.

शहनाजला मात्र ते घड्याळ टोचत होतं. बापाने दहावीला घेऊन दिलेलं, पोरगी जिवापाड जपायची. सरुबाई पुरण आणायला घरात गेली, तसं शहनाजने मंजुषाला चुलीपाशी बसवून घेतलं आणि आडवळण न घेता विचारलं,

“बेटा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?”

मंजुषाने हातातली काटकी मोडून चुलीत टाकली.

“येतो, चाची. आईला सांगू नका.”

“सांगणार. असली गोष्ट दोघींत नाय ठेवायची.”

पातेलं घेऊन सरुबाई मागेच उभी होती. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण ती खाली बसली, पिठाच्या हातांनी लेकीला जवळ घेतलं आणि शहरात शिकलेलं सगळं विसरली.

“तुले काय व्हयनं, माय? मी आठेच शे.”

‘इथेच आहे’ हे आईने त्याच ‘शे’ने सांगितलं, तशी मंजुषा रडली, मग बोलू लागली. इतकं बोलली, की माझ्यावरचा मांडा करपून कोळसा झाला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. इतक्या वर्षांत मला मांडा करपल्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एका फेरीत काही झालं नाही. पुष्कळ फेऱ्या झाल्या. तोवर तिला कोणी एकटं सोडलं नाही. घरात अहिराणी परत आली, बापाच्याही तोंडी. पावसाळा सरता सरता मंजुषा शहनाजच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “चाची, माझं घड्याळ द्या बरं.” दिलेलं दान परत मागू नये म्हणतात. पण लेकीने ते मागितलं, त्या आनंदात सरुबाईने पेढे वाटले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी बाहेरगावाहून आलं असेल, तर त्याच्या बोलीला हसू नका. तिच्यातले चार शब्द शिकून घ्या. आणि कोणी अचानक गप्प झालं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, तर नुसते आभार मानून घरी जाऊ नका. त्याला विचारा, आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. तुमच्याच मनात तसं आलं, तरीही सांगा.

माझं म्हणाल, तर बरं चाललंय. मंजुषा आता मांडे शिकते आहे. तिचे मांडे हातावरच फाटतात, आणि ती बेधडक म्हणते, खापरच नीट तापत नाही. म्हणू दे. घरभर ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणते.