सुपाआडचे पाय

आफियाचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि तय्यब सरांनी अजून उत्तर धाडलं नव्हतं. पत्र हरवलं म्हणावं, तर ते वाचत्या पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं. पुस्तक उघडलं की आधी पत्रच हाती यायचं, त्यामुळे सदतिसावं पान काही ओलांडलं जात नव्हतं. आळस म्हणावा, तर उत्तरं त्यांनी एकोणीस लिहिली होती. पेटीत टाकलं एकही नव्हतं. तिकिटाची सबबही चालण्यासारखी नव्हती, कारण आफियानं आपला पत्ता लिहून, तिकिटं डकवून पाकीटच सोबत पाठवलं होतं. नववीपासून ती सरांना ओळखत होती.

महाडची ही मुलगी आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फ्लूच्या लशीवर काम करत होती. फ्लूचा विषाणू दरसाल रूप पालटतो, म्हणून लसही दरसाल नवी करावी लागते. तिच्या मंडळींनी विषाणूच्या सहसा न पालटणाऱ्या भागावर नेम धरला होता. प्राण्यांवर पाहून झालं होतं, आता माणसांवर पहिली चाचणी व्हायची होती. चाचणीला येणाऱ्यांना सही करण्याआधी वाचायला एक मराठी पान द्यावं लागतं. कचेरीनं करून घेतलेलं पान आफियानं आपल्या आईला दाखवलं, तर आईनं अर्धं वाचून विचारलं होतं, जामीन कोण राहायचाय?

‘सर, ते पान तुम्ही लिहा,’ असं पत्रात होतं. ‘पोलादपूरच्या एसटी स्टँडवर बसलेल्या माणसाला कळेल असं. पंचवीस मार्चला समितीची बैठक आहे. तोवर आलं नाही तर कचेरीचंच पान जाईल आणि माणसं न कळताच सह्या करतील. तुम्हालाच सांगतेय, कारण वर्गात माहीत नाही असं म्हणणारे शिक्षक तुम्ही एकटेच होतात.’

या शेवटच्या वाक्यानं सरांचा घात केला होता. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि पोरीच्या लक्षात राहिलं काय, तर हे. तो तासही त्यांना आठवत होता. गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा सहसा होत नाही, मग फ्लू पुन्हा पुन्हा का होतो, असं आफियानं विचारलं होतं. सरांनी फळ्याकडे वळून आधीच कोरा असलेला फळा पुसला होता आणि माहीत नाही म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा एकोणीस उत्तरांची तऱ्हा अशी. सातवं पेशींच्या इतिहासापासून सुरू होऊन अकरा पानांवर संपलं होतं. चौदाव्यात कुलूपकिल्लीची उपमा होती, पण किल्ली कोण नि कुलूप कोण यात सरांचाच गोंधळ झाला. एकोणिसावं एका ओळीचं होतं, आणि त्या ओळीत फक्त माफी मागितली होती.

‘‘अहो, ती काय नोबेल मागतेय का तुमच्याकडं?’’ सरांच्या पत्नी रहिमाबी म्हणाल्या. ‘‘एक पान मागतेय.’’

मार्च लागला. मग सरांनी धीर करून विसावं उत्तर लिहिलं आणि ते मालोजीला वाचून दाखवायचं ठरवलं. मालोजी त्यांच्या शाळेचा निवृत्त शिपाई. तो वर्गाबाहेरच्या स्टुलावर पेंगला की तास फसला, हे सरांना तेव्हापासून ठाऊक होतं. तो राहायचा पोलादपूर तालुक्यात, कापड्याला. शिमग्याचे दिवस होते, दरसालसारखेच सर तिथं गेले, आणि त्यांचे रोजे चालू होते. पाणीसुद्धा न मागणारा पाहुणा म्हणून मालोजीच्या घरी त्यांचं कौतुकच झालं.

मालोजीनं तीन परिच्छेद डोळे मिटून ऐकले.

‘‘चांगलं हाय सर,’’ तो म्हणाला. ‘‘पण घंटा कधी वाजायची?’’

सरांनी कागदाची घडी घातली. तेवढ्यात अंगणात ढोल वाजला, सोंगं आली होती.

त्या वाडीची रीत अशी की सोंगानं तोंडातून शब्द न काढता अंगणात उभं राहायचं. घरच्यांनी तीनदा ओळखून पाहायचं. ओळखता आलं नाही तर सोंगाला नारळ द्यायचा. ओळखलं, तर त्यानं रिकाम्या हातानं, उघड्या तोंडानं ओटीवर बसून हसं करून घ्यायचं. मालोजीचा पुतण्या प्रवीण मुंबईहून दरसाल नवं सोंग घेऊन यायचा. एकदा अस्वल झाला, एकदा हवालदार, आणि करोना सरल्यावर पहिल्या शिमग्याला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा प्लास्टिकचा डॉक्टर. अकरा वर्षांत त्याला एकही नारळ मिळाला नव्हता, कारण मालोजीची आई ठमाबाई त्याला पहिल्याच फटक्यात ओळखायची. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, हे विशेष. सर मात्र चांगला चष्मा लावूनही दरवर्षी फसायचे.

यंदा गोष्ट वेगळी होती. जानेवारीत शिबिरात ठमाबाईचे दोन्ही डोळे करून आणले होते. आता तिला समोरच्या डोंगरावरची गुरंसुद्धा मोजता येत होती.

अंगणात एक मडम उभी राहिली. सोनेरी केसांचा टोप, काळा चष्मा, रंगवलेले ओठ, गालावर हा एवढा तीळ. ठमाबाई ओटीच्या कडेला सरकली आणि नव्या डोळ्यांनी ते तोंड हरखून पाहू लागली. पहिल्यांदा तिनं शेजारच्या मुरारीचं नाव घेतलं. मडमेनं मान हलवली. मग बराच वेळ तीळ न्याहाळून तिनं शुभमचं नाव घेतलं. मडमेनं पुन्हा मान हलवली, आणि तिचे खांदे आनंदानं हलायला लागले. अकरा वर्षांचा नारळ एका चुकीवर येऊन ठेपला होता.

 ठमाबाईनं डोळे चोळले, मिटले, उघडले.

‘‘डाक्तरानं डोळं दिलं नि अक्कल काढून घेतली,’’ ती म्हणाली. ‘‘मालोजी, सूप आण रे. धर त्याच्या तोंडाआड. खाली धर, कमरेपातूर. हां. आता चाल रे मडमे.’’

मालोजीनं सूप धरलं. सुपाखाली नुसते पाय उरले. ते नाइलाजानं चार पावलं चालले. डावी टाच काही भुईला टेकेना.

‘‘परवीन,’’ ठमाबाई म्हणाली. ‘‘फणसावरनं पडलेला पाय हाय तो.’’

प्रवीणनं टोप काढून आपटला. नव्या डोळ्यांनी दोनदा चुकलेल्या आजीनं शेवटी ओळखलं कसं, असं तो कुरकुरत विचारू लागला.

‘‘डोळ्यानं दिसाया लागलं म्हणून तर फसत होते. आधी मला दिसायचं काय, तर पाय. तोंड तू दरसाल नवं आणशील रे. पाय कुठनं आणशील? त्याच्यावर तर उभा हायस.’’

तय्यब सर उभे राहिले. मग आपण का उभे राहिलो हे न कळून बसले आणि परत उठले. अत्यंत संकोचून त्यांनी प्रवीणला पुन्हा टोप घालून एकदा चालून दाखवायची विनंती केली. मालोजीला सूप थोडं वर, मग थोडं खाली धरायला लावलं. विसाव्या उत्तराच्या पाठीवर ते भराभरा लिहीत सुटले. उपाशी पोटी ऊन लागलं असेल, असं वाटून ठमाबाईनं संध्याकाळसाठी दोन पुरणपोळ्या बांधून दिल्या.

महाडला येऊन, रोजा सोडून सरांनी पान लिहून काढलं. फ्लूचा विषाणू शिमग्यातल्या सोंगासारखा आहे. त्याचं डोकं भडक असतं, आपलं शरीर ते डोकंच लक्षात ठेवतं, आणि दरसाल डोकं पालटलं की फसतं. त्याचे पाय मात्र फारसे पालटत नाहीत, कारण त्यांच्यावर तो उभा असतो. ही लस डोक्याआड सूप धरून शरीराला नुसते पाय दाखवते.

इथं त्यांना नेहमीची धास्ती वाटली. पाय मुळीच पालटत नाहीत असं वाचणारा समजला तर? त्यांनी लिहिलं, ‘पायही थोडेफार पालटू शकतात.’ मग आणखी लिहिलं, ‘प्राण्यांत ही युक्ती चालली. माणसांत चालेल का, तिचा काही त्रास होईल का, हे आम्हाला माहीत नाही. तेच पाहण्यासाठी ही चाचणी आहे. न कळलेलं विचारल्याशिवाय सही करू नका.’ लिहून झाल्यावर ते ‘माहीत नाही’कडे बराच वेळ पाहत राहिले. खोडायला पेन उचललं, पण त्या जागी दुसरं खरं काही सुचेना.

पान रहिमाबींनी वाचलं. वाचून त्यांनी विचारलं की लस घेतल्यावर एखाद्याला फ्लू झाला नाही, तर तो लशीमुळे झाला नाही की नुसताच झाला नाही, हे कसं समजणार? सर घाबरून पान परत ओढू लागले. म्हणाले, पान फसलं.

‘‘सोडा तो कागद,’’ रहिमाबी म्हणाल्या. ‘‘हे विचारायचं मला सुचलं, म्हणजे पान कळलं.’’

दुसऱ्या दिवशी सर टपाल कचेरीत गेले. वीस तारखेला चवदार तळ्यावर देशभरची माणसं येणार, त्याआधी टाकलेलं बरं, असं निमित्त त्यांनी स्वतःला दिलं होतं. पाकिटात पानाबरोबर एक चिठ्ठी होती. ‘आफिया, नववीतल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोबत पाठवतो आहे. उत्तर मालोजीच्या आईचं आहे. उशिराबद्दल माफ कर.’

पाकीट पेटीच्या फटीत अर्धं गेलं आणि सरांना तिसऱ्या ओळीतला एक स्वल्पविराम आठवला. त्यांनी ते तसंच चिमटीत धरून ठेवलं. मागं एक बाई पाकीट घेऊन उभी होती. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, ‘‘काका, टाकताय की काढताय?’’

‘‘टाकतोय,’’ सर म्हणाले, आणि चिमूट सोडली.