आम्ही बसणार

मी एक जुनी स्क्रीन आहे. स्क्रीन म्हटल्याबरोबर तुम्हाला मोबाईल आठवला असणार. पण मित्रांनो, मी त्या कुळातली नाही. मी छपाईची स्क्रीन. चार लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेले बारीक जाळीचे कापड, एवढाच माझा देह. मला कागदावर नाहीतर कपड्यावर ठेवायचे, वरून शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, की खाली चित्र उमटते. सध्या मी टी-शर्टच्या एका दुकानात भिंतीवर टांगलेली आहे. माझ्यावर पिवळा दिवा सोडला आहे आणि लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी नशीब उघडले. खरे सांगते, मला शरमेने मान खाली घालावीशी वाटते. पण खिळ्याला टांगलेल्याला तेवढीही सोय नसते.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या छापखान्यात झाला. छापणारे गृहस्थ पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत, म्हणून सगळे त्यांना पेंटरकाका म्हणत. मोडक्या खाटेचे लाकूड तासून त्यांनी माझी चौकट केली. सुरुवातीला मी साधीच कामे केली. आज बिस्किटांच्या खोक्यांवर नाव, उद्या दप्तरांवर शाळेचा शिक्का. एक काम झाले की काका मला पावडर लावून खसाखसा धूत आणि माझ्यावर नव्या चित्राचा लेप चढवत. कोणतेच चित्र आठवड्याहून जास्त माझ्या अंगावर टिकत नसे. मला त्याचे वाईटही वाटत नसे.

मग एका दुपारी बनियनच्या कारखान्यातल्या पाच-सहा बायका आल्या. शिवून आलेल्या बनियनचे लोंबते दोरे कापायचे, हे त्यांचे काम. दहा तास, तेही उभ्याने. सुटी होईपर्यंत पाय चपलेत मावत नसत. त्यांच्यातल्या एकीने साहेबांकडे बसायला स्टुले मागितली होती. तिला सगळ्या ताई म्हणत. साहेब म्हणाले, "बूड टेकलं की हात थांबतात." त्यावर ताई म्हणाली, "आम्ही बसणार," आणि तिथेच फरशीवर बसली. तिच्यामागोमाग एकेक करत साठ बायका बसल्या. पोलिसांनी ताईला नेले आणि बाकीच्यांना फाटकाबाहेर काढले. आता त्या फाटकाबाहेर बसून होत्या आणि त्यांना हातात धरायला फलक हवे होते.

ताईचा वेगळा असा फोटो कोणाकडेच नव्हता. कारखान्याच्या सहलीतल्या एका फोटोतून तिचा चेहरा कापून काढावा लागला. काकांनी त्याची पारदर्शक फिल्म केली, खाली ठसठशीत अक्षरांत "आम्ही बसणार" लिहून त्याची दुसरी फिल्म केली, दोन्ही माझ्यावर ठेवल्या आणि वर काच दाबून, उन्हाने चित्र लेपावर उतरावे म्हणून मला गच्चीवर नेले. घाई इतकी, की अक्षरे सुलट बसली आणि चेहरा उलटा बसला. ताईच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर गेला.

शंभरेक कागद छापून झाल्यावर ते काकूंच्या लक्षात आले. त्या दोरीवर कागद वाळत घालत होत्या. "अहो, हा तीळ इकडे कसा आला?"

"राहू दे आता," काका म्हणाले, "गर्दीत कोण तीळ बघतंय?"

खरेच कोणी बघितला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर साठ ताया दिसत होत्या, तिसऱ्या दिवशी दोनशे. शिंपी आले, हमाल आले, कॉलेजातली मुले आली. प्रत्येकाला तो चेहरा हवा होता. मी दिवसभर शाई पीत होते आणि आतून फुगत होते. बिस्किटाच्या खोक्याकडे पाहून कोणी मूठ वळली नव्हती. आता माझ्यामुळे वळत होती. निदान मला तसे वाटत होते. लोकांनी ताईला डोक्यावर घेतले आणि मी आपली आपणच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

सुटून आल्यावर ताई स्वतः छापखान्यात आली. कागदांच्या गठ्ठ्यावर बसून तिने चपला काढल्या आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता कौतुक होणार.

"काका, माझं तोंड कशाला छापलंत? स्टूल छापायचं ना."

"ताई, स्टुलामागून मोर्चा निघत नाही. माणसाच्या तोंडामागून निघतो."

"निघू दे, पण पुढे लोक तोंडच लक्षात ठेवतील आणि स्टूल विसरतील." मग ती हसली. "आणि तीळही चुकीच्या गालाला लावलात. आई म्हणेल, ही माझी नव्हेच."

तिचे ते बोलणे त्या वेळी मला लागले. कृतघ्न वाटली मला ती. आज ते आठवले की माझे मलाच लाजल्यासारखे होते.

एकोणीस दिवसांनी कारखान्यात स्टुले आली. साठच्या साठ. हे सांगायला ताईच आली होती. "मिळाली हो स्टुलं. मी सोडून सगळ्या बसल्या." तिला कामावर परत घेतले नव्हते. नंतर ती एका इस्त्रीच्या दुकानात लागल्याचे काकूंकडून कळले. इस्त्री उभ्यानेच करावी लागते.

काकांनी मला त्यानंतर धुतले नाही. "हिच्यावर आता दुसरं चित्र चढवायचं नाही," असे म्हणून त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कपाटामागे ठेवले. तिथे वर्षांमागून वर्षे गेली. झुरळांनी माझ्या कडा कुरतडल्या. काका गेले, काकू गावी गेल्या. मी मात्र अंधारात त्या चेहऱ्याचा अभिमान कुरवाळत बसले होते.

मला बाहेर काढले ते काकांच्या पुतण्याने. मुलगा वाईट नाही. चुलत्याचे नाव काढताना त्याचा आवाज ओला होतो. पण धंद्यात त्याचे डोके भलतेच चालते. त्याने माझ्यावरची धूळ पुसली, अक्षरे वाचली आणि खो खो हसत सुटला. मित्रांनो, "बसणे" या साध्या शब्दाला मोठ्या माणसांनी आणखी एक अर्थ चिकटवला आहे. चार दोस्त बाटली आणि ग्लास घेऊन जमले, की त्यालाही ते "बसणे"च म्हणतात. पुतण्याच्या मित्रांची तशीच एक सहल निघणार होती. त्याने मला टेबलावर आडवे केले आणि बारा टी-शर्ट छापले. वर ताईचा करारी चेहरा, खाली "आम्ही बसणार".

शाई माझ्यातून गेली. ती अडवणे माझ्या हातात नव्हते, असे मी स्वतःला सांगितले. पण मित्रांनो, सगळे खरे सांगायचे ठरवले आहे, म्हणून हेही सांगते. इतक्या वर्षांनी अंगावरून पट्टी फिरली, तेव्हा मला बरे वाटले होते.

ते टी-शर्ट तुफान चालले. पुढे मशीन आले आणि माझे काम संपले. पण चेहरा मशीनने माझ्याकडूनच उचलला, तिळासकट. टोप्या झाल्या, कप झाले, उशांचे अभ्रे झाले. रस्त्यावरून एखादा मोर्चा जायचा असला, की पुतण्या दुकानाबाहेर टेबल मांडतो. मोर्चेकऱ्यांना दहा टक्के सूट. एकदा परिचारिकांचा मोर्चा होता. त्यांच्यातल्या एकीने टी-शर्ट अंगाला लावून पाहिला आणि विचारले, "ही बाई कोण हो?" पुतण्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "क्रांतिकारक होत्या. तुरुंगात गेल्या." पुढच्या मोर्चाला त्याने तिला गोळी घातली, त्याच्या पुढच्याला उपोषणात मारले. जसे गिऱ्हाईक तसे मरण. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते खोटे नाही. इकडे म्हैस जिवंत होती, चार गल्ल्या पलीकडे राहत होती आणि दुधाचा थेंबही तिच्या वाट्याला येत नव्हता.

दुकानात विक्रीला एक बाई आहे. तिशीची असेल. पुतण्या तिला "मॅडम" म्हणतो, लादी पुसायला सांगतानासुद्धा. सकाळी दहा ते रात्री नऊ ती काउंटरमागे उभी असते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या आहेत. गिऱ्हाईक नसले की ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, मग दुसऱ्यावरचा पहिल्यावर. बसायला बंदी आहे. दुकानात मरगळ दिसते म्हणे. वर कॅमेरा आहे. गणवेश म्हणून तिच्या अंगात तोच टी-शर्ट असतो. छातीवर "आम्ही बसणार" मिरवत ती अकरा तास उभी असते आणि मी समोरून ते बघत असते.

गेल्या महिन्यात एक म्हातारी दुकानात आली. पाय सुजलेले, चपलांचे पट्टे मागून कापलेले. उजव्या गालावर तीळ. मी तिला लगेच ओळखले. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिनेही मला ओळखले. बाकी कोणी कोणाला ओळखले नाही, कारण टी-शर्टावरचा तीळ डाव्या गालावर होता. काकांची ती घाई इतक्या वर्षांनी अशी आडवी आली.

ताईने मॅडमच्या टी-शर्टाकडे बोट केले. "बसणार म्हणजे काय गं?"

मॅडम ओशाळली. "ते आजी... मित्रमंडळी बसतात ना, पार्टीला. तसलं काहीतरी."

मला वाटले, आता म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात जाणार. ती मला खाली उतरवील, माझी जाळी फाडील. मी वाट बघत होते. फाडली असती तर बरे झाले असते. पण ताईचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. ती काउंटरवरून वाकून मॅडमच्या पायांकडे बघत होती.

"आणि तू कधी बसतेस?"

"बसायचं नसतं आजी. वर कॅमेरा आहे."

ताईने काउंटरला धरून गुडघे दुमडले आणि दुकानाच्या मधोमध फरशीवर बसकण मारली. "माझे पाय दुखले. मी बसले. मला खालचा माल दाखव. गिऱ्हाइकाचं ऐकायचं असतं ना? मग ये, बस इथे."

मॅडमने कॅमेऱ्याकडे पाहिले. मग चार टी-शर्ट उचलले आणि तीही खाली बसली. दोघींनी पाय पसरले. माल कोणी पाहिला नाही.

पुतण्या आतून धावत आला. मॅडम उठू लागली, तशी ताईने तिचा हात धरून ठेवला. पण तो ओरडला नाही. त्याचे डोळे चमकले. "आजी, अशाच थांबा. हलू नका हं," म्हणत त्याने मोबाईल काढून फोटो घेतला.

"फोटो काढ, पण हिला स्टूल कधी देतोस ते सांग," ताई म्हणाली.

"बघतो ना आजी. नक्की बघतो."

"बघतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. आठ दिवसांनी येते."

आठ दिवसांत तो फोटो माणसाएवढा मोठा होऊन माझ्या शेजारी लागला. फरशीवर बसलेली म्हातारी, तिच्या शेजारी बसलेली मॅडम. त्या फोटोखाली खरी मॅडम उभी.

ठरल्याप्रमाणे ताई आली. हातात निळे प्लास्टिकचे स्टूल होते, एका पायाला भेग गेलेले. फोटोकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. काउंटरमागे जाऊन स्टूल ठेवले. "घरचं आहे. एकटीला दोन काय करायचीत? बस."

मॅडम बसली. तिने डोळे मिटून घेतले. मी घड्याळाच्या समोरच आहे, म्हणून सांगते, ती तासभर बसली.

मग पुतण्या आला. स्टूल त्याला फारच आवडले. म्हणाला, असली वस्तू विकत मिळत नाही. ते उचलून त्याने फोटोखाली, दिव्याच्या झोतात मांडले, वर टी-शर्टची चळत रचली आणि पुढे एक पाटी लावली. "कृपया बसू नये." पाटीवरचे "बस" पेंटरकाकांच्या वळणाचे आहे. ते माझ्याच अंगावरून उचललेले आहे.

ताई अजून परत आलेली नाही. ती येईल तेव्हा तिच्यापुढे कोणत्या तोंडाने राहायचे, हे मला कळत नाही. मला तिचेच तोंड आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला उद्या पावडर लावून धुतलेत आणि माझ्यावर बिस्किटाच्या खोक्याचे नाव चढवलेत तरी चालेल. एवढेच करा. कधी या दुकानात आलात तर माझ्याकडे बघू नका. स्टुलावरची चळत उचलून बाजूला ठेवा, ती पाटी पालथी घाला आणि स्टूल काउंटरमागे नेऊन तिथे उभ्या असलेल्या बाईला म्हणा, "बसा." तुम्ही गिऱ्हाईक आहात. तुमचे ऐकावे लागते.