वाजवी

कोर्टाच्या निकालात लिहिलं होतं, ‘मुलीच्या शिक्षणाचा वाजवी खर्च वडील देतील.’ माझी मुलगी आणि जावई वेगळे झाले ते झालेच, पण या एका शब्दावरून वर्षभर फोनवर भांडत राहिले. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तो चष्म्याच्या काचा घासतो. खासगी शाळेची फी त्याच्या मते वाजवी नव्हती. तिच्या एकटीच्या पगारात ती बसत नव्हती. हप्ता थकला होता आणि महिनाअखेरीस शाळा नातीचं नाव कमी करणार होती.

नात आठ वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. एक दिवस ती न विचारता शाळेच्या बँडमध्ये शिरली. मग डबे, स्टूल, माझी पाठ, सगळ्यांवर सराव सुरू.

“अगं बाई, डोकं उठलं माझं!” तिची आई ओरडायची.

“थोडी कळ काढ ना. तुझंच काम करतेय.”

आम्ही हसायचो.

रविवारी जावई तिला भेटायला आला. भिंगरीनं त्याला खुर्चीत बसवलं, शाळेतून मागून आणलेला ड्रम गळ्यात अडकवला आणि वाजवला. एकही ठोका चुकला नाही. त्यानं मनापासून टाळ्या वाजवल्या.

“वा गं वा! शेजारी घर विकून पळाले असतील.”

“झाले ना मी वाजवी?”

“काय झालीस?”

“वाजवी! वाजवी असली की बाबा खर्च देतील, असं कोर्टानं लिहिलंय. आता फी भरा.”

त्याचं हसू मावळलं. तो माझ्या मुलीकडे वळला. “पोरीला पढवून माझ्यापुढे उभी करतेस?”

“मी? मला आत्ता कळतंय हे!”

“हो ना. मीच एक दूधखुळा.”

“दूधखुळा कसला, चिकट आहेस चिकट!”

“अहो, लेकराचा शब्द चुकलाय,” मी म्हणालो, पण तोवर दोघांचे आवाज चढले होते. निम्मी फी द्यायची असं ठरवून आलो होतो, हे त्यानं बूट घालताना सांगितलं. आता तेही नाही, म्हणाला आणि गेला.

भिंगरी दाराशी तशीच उभी होती. मी तिला जवळ घेतलं आणि समजावलं, “वाजवी म्हणजे वाजवणारी नव्हे, बाळा. वाजवी म्हणजे योग्य. जेवढ्यास तेवढं, जास्त नाही.”

“मी जास्त आहे?”

“तू नाही गं. फी जास्त आहे.”

“पण फी माझीच आहे ना, आजोबा?”

मी तिच्या गळ्यातला ड्रम उतरवून ठेवला.

महिनाअखेरीस आम्ही तिघं शाळा सोडल्याचा दाखला आणायला गेलो. कारणाच्या रकान्यात कारकुनानं नेहमीच्या सवयीनं ‘पालकांची इच्छा’ असं लिहिलं. माझ्या मुलीनं सही केली. भिंगरीनं टाचा उंचावून तो रकाना वाचला, पुन्हा एकदा वाचला.

मला अर्थ विचारला नाही.