चंद्री उठली नाही

चेअरमनची गाय मेली, असं सगळ्या गावानं एकमतानं ठरवून टाकलं होतं, तेवढ्यात ती उठली.

सकाळपासून ती गोठ्यात आडवी होती. नुकतीच व्यायलेली, बादली ओसंडेल इतकं दूध देणारी गाय. आणि आता मान पोटाकडे वळवून पडलेली, कान गार, नजर हरवलेली. दूध डेअरीचे चेअरमन म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत उठवबाबा आले.

त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मेलेली गाय उठवतात म्हणून उठवबाबा. अंगानं गुटगुटीत, बोलणं लोण्यासारखं. मागे एक लुकडा चेला, त्याच्या खांद्यावर भलीमोठी हिरवी शाल.

“मी कोण हो? मी कोणीच नाही,” बाबा म्हणाले. “मी वरचा पोस्टमन. वरून निरोप येतो, तो मी गाईच्या कानात सांगतो. आता दुसऱ्याचा निरोप आपण ऐकतो का? नाही ना? मग गोठ्याकडे पाठ फिरवा बघू सगळ्यांनी. जो वळून बघेल त्याच्या गोठ्यावर हे संकट जाईल. नंतर मला बोल लावायचा नाही!”

वळून बघायची कोणाची छाती होती? म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे गोठ्याकडे पाठ करून बसले. चेल्यानं गाईच्या मानेवर शाल पांघरली आणि तो तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. बाबांचा आवाज चढत गेला. “ऊठ गं माये, ऊठ! वासरू वाट बघतंय, बादली वाट बघतेय!” बराच वेळ हा पुकारा चालला. अशा रीतीनं अख्ख्या गावानं चमत्काराकडे पाठ करून चमत्कार पाहिला. मग मागे धडपड ऐकू आली. लोक वळले तर गाय लटपटत्या पायांवर उभी! चेअरमननी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडले.

गाय सावरून धरायला बायका पुढे झाल्या, त्यांत मधली होती. त्या घरची मधली सून, म्हणून सगळं गाव तिला मधलीच म्हणे. थोरली आणि धाकटी आपापल्या नवऱ्यांबरोबर शहरात, हिचा नवरा परगावी कारखान्यात. घरी ती, सासरे आबा आणि गोठ्यात चंद्री. चंद्री तिला माहेरहून कालवड म्हणून मिळाली होती. बापानं दावं हातात देताना म्हटलं होतं, “ही तुझी. हिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.” त्या घरात मधलीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिनं चेअरमनच्या गाईच्या मानेवरून हात फिरवला. एका जागी माशी बसत होती. हाकलली तरी पुन्हा तिथंच. बोट लावून पाहिलं, तर रक्ताचा एक थेंब.

“आबा, मानेवर रक्त आहे,” ती हळूच म्हणाली.

“गोचीड असेल. देव समोर उभा राहिला आणि तू गोचीड शोध!” आबा म्हणाले.

मधली गप्प बसली. पण तो थेंब तिच्या मनातून गेला नाही.

त्याच सुमारास जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गावात येऊन गेल्या होत्या. बाजाराच्या गावी दुभत्या जनावरांच्या निगेचं प्रशिक्षण होतं, खास बायकांसाठी. शिकून जी निवडली जाईल तिला औषधांची पेटी मिळणार, गोठ्याच्या छपराला अनुदान मिळणार, आणि गावातली जनावरं बघायचं मानधनही. बायकांनी आधी पदराआड हसून घेतलं. मधलीनं मात्र सगळ्यांच्या आधी नाव दिलं. आपल्याला हे येईल, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कशाबद्दल तरी वाटलं होतं.

बायकांना न्यायला डेअरीचा टेम्पो ठरला होता. पण बाबांनी नेमका तोच दिवस गोठाशुद्धीला धरला. चेअरमननी टेम्पो बाबांना आणायला पाठवला. डेअरीच्या फाटकाशी धुतलेली साडी नेसून उभ्या राहिलेल्या बायका थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या आणि घरी गेल्या. तिकडे डॉक्टरीणबाई रिकाम्या खुर्च्यांसमोर दुपारपर्यंत बसून होत्या.

गोठाशुद्धीत बाबांनी दर गोठ्यात पाणी शिंपडलं आणि बजावलं, “ज्या गोठ्यात डॉक्टरची सुई शिरली, तिथं माझा निरोप पोचायचा नाही. लाइनच कट!” लोकांनी माना डोलावल्या.

पुढे चंद्री व्यायली. कालवड झाली, आईसारखीच कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आणि दूध तर असं की धारा काढताना मधलीचे हात भरून येत. शेजारची शिंपीण बघायला आली आणि म्हणाली, “काय गं बाई हे दूध! गाय आहे की पाट?” मधली हसली. त्या संध्याकाळइतकी ती कधी सुखात नव्हती.

सकाळी चंद्री उठेना. मान पोटाकडे वळलेली, कान गार.

“दृष्ट लागली,” आबा म्हणाले. “मी बघत आलोय ना. जी गाय जास्त दूध देते, तीच व्यायल्यावर पडते. लोकांच्या डोळ्यांत येते.”

“आबा, डॉक्टरीणबाईंना फोन करू?”

“आणि सुई शिरली तर? मग बाबांनी यायचं कसं? तुझ्या हट्टापायी गाय घालवायची आहे का?”

मधलीनं फोन खाली ठेवला. ती भित्री नव्हती. पण गाय जगावी असं वाटणारं माणूस कुठलंच दार बंद करायला धजत नाही, आणि भोंदू लोक नेमके त्यावरच जगतात.

बाबा दुसऱ्या गावी होते. निरोप नेणाऱ्याच्या हाती त्यांनी मंतरलेल्या पाण्याची बाटली पाठवली. गाईला सगळं पाजा, थेंब वाया घालवू नका. मधलीनं चंद्रीचं तोंड मांडीवर घेतलं, गालफडात बोट घालून बाटली लावली. चंद्री गिळत नव्हती. पाणी कुठं जात होतं कोण जाणे. ती ठसकली, घरघरली, पुन्हा ठसकली. “घे गं माझी बाय, एवढं घे,” म्हणत मधलीनं शेवटचा थेंबही पाजला. ऊन उतरायच्या आत चंद्री गेली.

बाबांनी कळवलं, “घरात कोणाच्या तरी मनात शंका होती.” कोणाच्या, ते सांगायची गरजच नव्हती. आबा सुनेशी बोलेनासे झाले. पाणवठ्यावर ती गेली की बायकांचा आवाज खाली येई. मधली कालवडीला बाटलीनं दूध पाजे आणि रिकाम्या खुंट्याकडे बघत बसे. मनातल्या मनात तीही म्हणे, खरंच, माझ्याच शंकेनं मेली. तो रक्ताचा थेंब आपण बघायलाच नको होता.

अशात शिंपिणीची गाय व्यायली आणि तशीच पडली.

बाबा त्या दिवशी चेअरमनकडेच मुक्कामाला होते, तेव्हा लगेच आले. पुन्हा गर्दी, पुन्हा हिरवी शाल, पुन्हा वरचा पोस्टमन. मधली यायची नव्हती. पण शिंपिणीचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मधलीनं आधी फोन उचलला, डॉक्टरीणबाईंना दोन शब्दांत सगळं सांगितलं. बाई नेमक्या जवळच्याच वस्तीवर आल्या होत्या. मग ती शेजारी गेली.

“पाठ करा!” बाबा म्हणाले. सगळे वळले. मधली वळली नाही.

“ए बाई, संकट ओढवून घेशील!”

“माझ्या गोठ्यात आता काय उरलंय संकट यायला?” ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिनं शाल उचलली.

चेल्याच्या हातात औषधाची बाटली उलटी धरलेली होती. तिच्यापासून एक नळी निघाली होती, आणि नळीच्या टोकाची सुई गाईच्या मानेत होती. तिथं, बरोबर त्याच जागी, रक्ताचा थेंब.

एकेक करून लोक वळले.  मग एकदम कालवा उठला. आबा काठी उगारून पुढे धावले. “काढ ती सुई! काढ!”

“काढू नका!” फाटकातून आवाज आला. डॉक्टरीणबाई मोटारसायकल तशीच टाकून आत आल्या आणि त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं. “काढलीत तर गाय मरेल. औषध बरोबर आहे. खोटा आहे तो बाबा.”

त्यांनी चेल्याच्या हातातून बाटली घेतली आणि दुसऱ्या हातानं गाईची छाती तपासत औषध सावकाश जाऊ दिलं. सगळं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आणि बोलत राहिल्या.

“आबा, तुम्ही म्हणता ना, जास्त दूध देणारीच पडते? तुमचं बघणं अगदी खरं आहे. पण ती दृष्ट नव्हे. व्यायल्यावर दुधाबरोबर अंगातलं कॅल्शियम भराभर निघून जातं. जी जास्त देते, तिचं जास्त जातं. मग पायांत जोर राहत नाही, कान गार पडतात. ते कॅल्शियम शिरेतून परत दिलं की बहुतेक गाई उठतात. निरोप नाही, पोस्टमन नाही. हा चेला पूर्वी आमच्याकडेच मदतनीस होता. औषधं चोरताना सापडला म्हणून काढला.”

गाय थरथरली, शेण टाकलं, आणि धडपडत उभी राहिली. शिंपीण तिच्या गळ्यात पडली. या वेळी लोकांनी तोंड समोर करून पाहिलं होतं.

मधली मात्र चेल्याकडे बघत होती. “माझ्या चंद्रीला ही बाटली का नाही लावलीस?”

चेल्यानं मान खाली घातली. “एकच शिल्लक होती, ताई. त्या दिवशी दुसऱ्या गावच्या पाटलांची गाय पडली होती. तिला लागली.”

“आणि मला पाठवलंत ते?”

“साधं पाणी.”

बाबांचं लोणी केव्हाच वितळलं होतं. चेअरमननी त्यांना दंडाला धरून पोलिसांना फोन लावला. आपण त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, हे त्यांना आता आठवत नसावं.

मधली डॉक्टरीणबाईंजवळ गेली. “बाई, ते पाणी मी पाजलं. माझ्या हातानं. ती गिळत नव्हती.”

“ठसकली का?”

“हो.”

बाईंनी बाटली खाली ठेवली. “खोटं सांगून धीर देऊ, की खरं सांगू?”

“खरं सांगा. खोट्यानंच घात झाला.”

“पडलेल्या गाईला गिळता येत नाही. पाणी फुफ्फुसात गेलं असणार. पण हे तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्या दिवशी मी शिकवणार होते, त्या दिवशी तुमचा टेम्पो बाबांना आणायला गेला होता.”

मधली तिथंच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. इतक्या दिवसांत तिला कोणी रडूही दिलं नव्हतं. आबा जवळ आले.  काठी बाजूला टाकून ते तिच्या शेजारी मातीत बसले.

प्रशिक्षण पुन्हा झालं, या वेळी डेअरीच्या आवारातच, आणि पुरुषांनाही बसायची मुभा होती. बाबांच्या वेळच्या सवयीनं काही बायका भिंतीकडे तोंड करून बसायला लागल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मधलीला उभं केलं. तिला भाषण येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “तोंड इकडे करून बसा. कोणी सांगितलं बघू नका, तर आधी तेच बघा. शंका आली तर विचारा. माझी चंद्री शंकेनं नाही मेली. माझ्या मनात शंका आली आणि मी ती गिळून बसले, म्हणून मेली.”

 मग पहिल्या रांगेतून आबांचा आवाज आला, “बाई, दवाखान्याचा नंबर पुन्हा एकदा सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असा.”

औषधांची पेटी मधलीला मिळाली. ती तिनं चंद्रीच्या खुंट्यामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आहे. छपराचं अनुदानही आलं, नवे पत्रे चढले. आता कोणाची गाय पडली की लोक मधलीला हाक मारतात. ती गाईला पोत्यांचा आधार देऊन नीट बसवते, तोंडात काही घालू देत नाही आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत जवळ बसून राहते. गाय उठली की सगळे हसतात, तीही हसते. मग घरी येऊन कालवडीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून हात फिरवते, आणि त्या रात्री जेवत नाही.