वर साठवलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे झिजलेला नव्हे. माझी काच अजून लख्ख आहे. पण ज्याला कामावरून काढून खणात टाकलं, त्याने स्वतःला नवा म्हणवून घेण्यात काय अर्थ? संपलेले सेल, एक तुटकी कात्री आणि मी, असा आमचा संसार आहे.

कारखान्यात तपासणी झाली तेव्हा माझं कोण कौतुक झालं होतं! अंधारात दिसतं, कुजबुज ऐकू येते. शिवाय मी जवळ काहीच ठेवत नाही. जे पाहतो ते इंटरनेटवरून लगेच दूर, कंपनीच्या साठ्यात पाठवतो. त्याला लोक क्लाउड म्हणतात. मला वाटायचं, तिकडे सगळं ढगासारखं विरून जात असेल. ते विरत नाही, हे फार उशिरा कळलं.

मला एका घराच्या बैठकीच्या खोलीत, दारावरच्या भिंतीत दोन स्क्रूंनी बसवलं. घरातल्या बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. बाबा म्हणजे बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारे गृहस्थ. आवाज असा खणखणीत, की ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना लाडाने 'भोंगा' म्हणत. झटक्याने उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. मुलगा आणि धाकटी मुलगी दिवसभर कामावर. बाबा पडले-झडले तर कळावं, म्हणून मी. मुलाने माझा पासवर्ड नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिला. आत्या, मामा, परगावी दिलेल्या थोरल्या मुलीचा नवरा, सगळ्यांना. "लक्ष ठेवायला चार माणसं असलेली बरी," तो म्हणाला. बाबांना कुणी विचारलं नाही. "तुमच्यासाठीच आहे," एवढंच सांगितलं, आणि बाबांनी मान हलवली.

बाबा कुणासमोर तोंड उघडत नसत. पाणी हवं असलं तरी बोट दाखवत. पण घर रिकामं झालं की ते खुर्ची खिडकीकडे वळवत, छाती भरून श्वास घेत आणि सुरू करत, "प्रवाशांनी... कृपया... लक्ष द्यावे." त्यातला 'प्र' काही केल्या फुटत नसे. लाळ गळे, ती डाव्या हाताने पुसत, कधी रडत, आणि पुन्हा पहिल्यापासून. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, एकांतात मोठ्याने बोला. बाबांना तो एकांतच वाटत होता. पूर्ण घोषणा जमल्याशिवाय मुलांसमोर बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण दाराशी चाहूल लागली की ते चटकन गप्प होत. हळूहळू 'प्र' फुटू लागला. मला फार आनंद झाला होता.

एकदा जावयाने बाबा रडत घोषणा म्हणतानाचा एक तुकडा पाहिला. माणूस वाईट नव्हे. त्याचे डोळे भरून आले म्हणे. 'बघा माझ्या सासऱ्यांची जिद्द' असं लिहून त्याने तो मित्रांना पाठवला. त्यांनी पुढे, त्या पुढच्यांनी आणखी पुढे. वाटेत वरची ओळ गळून पडली आणि खाली हसरे चेहरे जमले. फिरत फिरत तो बसस्थानकावर पोचला.

सुट्टीच्या दिवशी जुना ड्रायव्हर मित्र भेटायला आला. मुलं घरीच होती. "काय रे भोंग्या," तो बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ऐकली बरं का तुझी घोषणा! अख्ख्या डेपोने ऐकली. प... प... प्रवाशांनी! अरे, आधी पोट धरून हसलो, आणि मग रडलोही."

बाबा हसले नाहीत. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

मित्र ओशाळून निघून गेला. मुलगी भावावर बरसली.

"दादा, आधी ते रेकॉर्डिंग काढून टाक!"

"माझ्याकडून काढलं गं. कंपनीच्या साठ्यात अजून आहे की नाही, देव जाणे. आणि लोकांनी आपापल्या फोनवर उतरवून घेतलंय. कोणाकोणाचे हात धरू?"

"म्हणजे बाबा असेच फिरत राहणार?"

तेवढ्यात बाबांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "बंद."

स्पष्ट, खणखणीत. झटक्यानंतर मुलांसमोर उच्चारलेला तो त्यांचा पहिला शब्द. ज्या दिवसाची घर वाट पाहत होतं तो असा आला, आणि कुणालाही आनंद झाला नाही.

मला लगेच उतरवलं. भिंतीतली भोकं मुलाने बुजवली, वर रंगही दिला. तरी बाई आल्या की बाबा आधी तिथे बघायचे आणि ओठ मिटून घ्यायचे. हल्ली बाईही येत नाहीत. माझा खण त्यांच्या खुर्चीला लागूनच आहे. घर रिकामं झालं तरी काही ऐकू येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला दाराबाहेर बघू द्या. आत लावायचाच असेल, तर ज्याच्यावर लावताय त्याला आधी नीट विचारा. नुसती मान हलली म्हणजे होकार समजू नका. पासवर्ड खिरापतीसारखा वाटू नका. आणि कुणाचं रडणं हाती लागलं, तर ते कौतुकानेसुद्धा पुढे पाठवू नका.

इथे खुर्ची आता खिडकीकडे वळत नाही. तिकडे कुठल्या तरी फोनवर बाबा अजून 'प्र'शी झुंजत असतील, आणि कुणीतरी हसत हसत ते पुन्हा पहिल्यापासून लावत असेल.